नवरोजच्या जळवा

किश्तवाड,
२० फेब्रुवारी १९८६

चि. समद यास,
राहतीआपाचे अनेक दुवा. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. दोन महिन्यांत बहिणीला चार ओळी खरडायला तुला सवड झाली नाही, पण मटणाचा हरीसा खायला रोज पहाटे दुकानापुढे उभा असतोस, हे आमच्या शेजारच्या लाकूडवाल्याने श्रीनगरहून येऊन सांगितलं. पोट आणखी पुढे आलंय म्हणे. मुख्ताला सांग, फिरनची शिवण आता दोन बोटं सैल ठेवत जा.

कामाचं लिहिते. रुकय्याच्या इसबाने या हिवाळ्यात फार छळलं. दोन्ही नडग्यांवरची कातडी तडकते, पाणी सुटतं, खपल्या धरतात, आणि ती झोपेत खाजवून सगळं पुन्हा ओलं करते. सरकारी दवाखान्यातलं मलम तीन हिवाळे चोळून झालं. निखाऱ्यांची कांगडी पायांशी घेऊ नकोस म्हणून मी ओरडते, पण थंडीत माझं कोण ऐकतं. आक्रोड झोडपून झाले की ऑक्टोबरात लग्न. भद्रवाहच्या मंडळींना इसब आहे एवढं माहीत आहे, पाय पाहिलेले नाहीत. इद्रीस मुलगा शहाणा आहे, शाळामास्तर आहे. त्याच्या आईची मात्र मला धास्ती वाटते.

तेव्हा एकवीस मार्चला, नवरोजच्या जळवांसाठी, तिला तुझ्याकडे पाठवते आहे. तिचे अब्बा आणून सोडतील आणि लगेच परततील, जंगलखात्याची रजा तुला ठाऊक आहे. आपल्या अब्बांच्या बैठकीत पडद्यामागे बसून बायकांना जळवा लावायचं काम मी नऊ वर्षं केलं. अब्बा म्हणायचे, राहतीचा हात हलका आणि समदची बैठक भक्कम. बैठक तुला मिळाली आणि मी डोंगरापलीकडे आले. त्याचं वाईट वाटत असतं तर मुलीला तुझ्यापुढे बसवलंच नसतं.

एका माणसाच्या अंगाला लागलेली जळू दुसऱ्याच्या अंगाला लावायची नाही, हे तुला मी सांगायची गरज नाही. आईचं मन आहे, म्हणून लिहिलं गेलं.

मुख्ताला आणि मुलींना दुवा. अधूनमधून बहीण आठवावी, एवढंच मागणं.
तुझी आपा,
राहती


श्रीनगर,
३० मार्च १९८६

आदरणीय आपास,
समदचा सलाम. वि. वि.

तुझी लेक सुखरूप आहे. सकाळी मिठाच्या चहाबरोबर तंदुरातले तीन गिरदे खाते आणि चौथ्याकडे बघते, म्हणजे तब्येतीची काळजी नको. माझ्या पोटाची चौकशी करणाऱ्या बाईने आपल्या घरातली चूल आधी बघावी.

नवरोजला तिच्या दोन्ही पायांना मिळून अकरा जळवा लावल्या. मी स्वतः लावल्या. पट्ट्या मुख्ताने बांधल्या. रक्त चांगलं घट्ट, काळपट निघालं. आज दहावा दिवस. पाणी सुटायचं थांबलं आहे, खाज निम्म्यावर आली आहे. कालपासून ती पायांत मोजे घालून माझ्या मुलींबरोबर बागेत जाते. एप्रिलच्या मध्यापर्यंत ठेवून घेतो, मग कुणाच्या तरी सोबतीने पाठवीन.

यंदा रांग पार रस्त्यापर्यंत होती. दलदलीवरचा बर्फ उशिरा वितळला, जळवा पकडणारे निम्म्या मडक्यांनिशी आले. तरी मी एकाही माणसाला परत पाठवलं नाही. आणखी एक सांगतो. मोठ्या इंजिनियरसाहेबांच्या बेगम मानेवरच्या गळवांसाठी स्वतः मोटारीतून आल्या होत्या. अब्बांच्या बैठकीवर असं माणूस कधी आलं नव्हतं. पक्क्या दवाखान्याच्या परवानगीचा माझा अर्ज साहेबांच्याच कचेरीत दोन वर्षं पडून आहे. बेगम जाताना म्हणाल्या की घरी बोलते. टिनाचं छप्पर, आत फरशी, बायकांसाठी वेगळी खोली. तू आलीस की दाखवीन.

भाऊजींना सलाम. तुझी रागावणी चालू राहू दे, त्यात माझं बरं आहे.
तुझा,
समद


किश्तवाड,
१८ मे १९८६

चि. समद यास,
पोटभर दुवा. वि. वि.

रुकय्याचे पाय मी काल उन्हात बसवून पाहिले. नडगीवर नवी, गुलाबी कातडी आली आहे. बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. मी तिच्या पायांवर हात ठेवून रडत बसले, तेव्हा ती म्हणाली की अम्मी, पाय बरे झाल्यावर रडतेस, मग तेव्हा कशी हसत होतीस.

एक गोष्ट उशिरा लिहिते आहे. बैठक तुला मिळाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. फेब्रुवारीत वाटलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. लग्नानंतर कित्येक वर्षं, नवरोज आला की माझे हात शिवशिवायचे आणि मी उगाच भांडी घासत बसायची. आज ते सगळं मनातून गेलं. अब्बांचा हात तुझ्यात उतरला आहे. त्यांना दिसलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाची तारीख बारा ऑक्टोबर ठरली. तू चार दिवस आधी यायचं आहेस. भद्रवाहचा राजमा आणि थोडं आमच्याकडचं केशर लाकूडवाल्याबरोबर पाठवते आहे. राजमा मुख्ताला, केशर तुला. अदलाबदल करू नकोस.

रुकय्या हल्ली थकल्यासारखी दिसते, जेवणावर मन नाही. लग्न ठरलेल्या मुली अशाच असतात, मीही होते.

अशीच माया राहू दे.
तुझी आपा,
राहती


जम्मू,
२४ जून १९८६

चि. समद यास,
दुवा. वि. वि.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहिते. रुकय्याला कावीळ झाली आहे. आधी गावातल्या डॉक्टरांनी ग्लुकोज आणि मुळ्याचा रस दिला. मग ती बरळू लागली, म्हणून जीपमधून इथे आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. तीन दिवस तिने मला ओळखलं नाही. आज सकाळी पाणी मागितलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. त्या म्हणाल्या की ही पाण्यातून होणारी कावीळ नाही, दुसऱ्याच्या रक्तातून येणारी आहे, आणि अंगात शिरल्यावर दोन-तीन महिन्यांनी दिसते. मुलीला कुणाचं रक्त चढवलं का, इंजेक्शन कुठे घेतलं, ऑपरेशन झालं का, कान टोचले का, असं त्यांनी एकेक विचारलं. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. शेवटी त्यांनी पायांवरच्या त्या बारीक खुणा पाहिल्या.

समद, एकच गोष्ट लिही. जळवा ताज्या होत्या ना? होत्या एवढं लिहिलंस तरी मला पुरे.
राहती


श्रीनगर,
४ जुलै १९८६

आदरणीय आपास,
सलाम. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस घास गेला नाही. रुकय्यासाठी दर्ग्यात दुवा मागितला, मुख्ताने भात वाटला.

पण तू विचारलंस ते मला लागलं. मी तिचा मामा आहे. बसच्या रस्त्यावर ठिकठिकाणी लोक ओढ्याचं पाणी पितात, ढाब्यावर उघडं खातात. पुस्तकं वाचलेल्या डॉक्टरांना आमच्यासारख्यांकडे बोट दाखवायला निमित्तच हवं असतं. त्यांच्या मलमाने तीन वर्षांत झालं नाही ते अकरा जळवांनी केलं, हे त्यांना सोसत नसेल.

अब्बांच्या कबरीवर हात ठेवून सांगतो, रुकय्याला लावलेली एकूण एक जळू ताजी होती. यापुढे हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस. भावाच्या शब्दावर बहिणीचा विश्वास नसेल तर बोलायचं काय उरतं.

ती बरी झाल्याचं कळव. राग मनात धरू नकोस, मीही धरत नाही.
तुझा,
समद


श्रीनगर,
१४ जुलै १९८६

आदरणीय आपा यांस,
मुख्ताचा सलाम. वि. वि.

मी पाचवीपर्यंत शिकलेली. अक्षर वाईट आहे आणि हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. भाजीवालीच्या हातून टाकेन.

तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि उत्तरही वाचून दाखवलं. कबरीचं वाक्य आलं तेव्हा मी तिथून उठले. त्यानंतर दहा दिवस मी स्वतःशी भांडते आहे.

आपा, जळवा ताज्या नव्हत्या.

त्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत ताज्या संपत आल्या. बारा तेवढ्या त्यांनी सकाळीच वेगळ्या काढून पितळी भांड्यात बाकाखाली ठेवल्या होत्या, बेगमसाहेबांसाठी. बाहेर रांग होतीच. मग मला म्हणाले, सकाळच्या जळवा मिठाच्या पाण्यात टाक. टाकल्या की त्या रक्त ओकतात. मग साध्या पाण्यात दोनदा खंगाळून मी त्यांना पुन्हा आत दिल्या. माझ्याच हाताने दिल्या, हे लपवत नाही.

रुकय्या सकाळपासून थांबली होती. आधी परक्यांचं होऊ दे, तू घरचीच आहेस, असं म्हणून ते तिला मागे मागे ठेवत गेले. तिची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, हिला आज नको, दोन दिवसांनी नव्या येतील तेव्हा लावू. ते म्हणाले की सख्ख्या भाचीला तसंच उठवलं तर जळवा नाहीत हे साऱ्या रांगेला कळेल, आणि बेगम यायची वेळ झाली आहे. मग मी तिच्या पट्ट्या कापायला घेतल्या.

दुपारनंतर तसल्या जळवांनी रुकय्या धरून सव्वीस जण झाले. सगळ्यांच्या पट्ट्या मी बांधल्या, त्यामुळे कोण कोण ते मला पाठ आहे. खालच्या गल्लीत तंदुरावर रोट्या भाजतो त्या नानबाईची सून त्यांत होती. ती जूनपासून पिवळी पडली आहे आणि अजून अंथरुणावर आहे. तिचं तान्हं मूल आहे. मी रोज तिथून गिरदे आणते. तिची सासू मला विचारते की हकीमसाहेबांकडे काविळीवर काही आहे का.

रुकय्या जन्मली तेव्हा पहिली अंघोळ मी घातली होती. मला माफ करा असं लिहायला बसले होते, पण ते लिहवत नाही.
तुमची,
मुख्ता


जम्मू,
२३ जुलै १९८६

समद,

दुवा आज लिहिला जात नाही.

मला कळलं आहे. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, आणि ज्याच्यावर तुझा संशय जाईल त्याच्यावर आवाज चढवू नकोस. तुझ्याच घरात एक माणूस असं निघालं ज्याला झोप लागली नाही, याचं तुला बरं वाटायला हवं.

मी बारा वर्षांची होते, तू नऊचा. कंटाळा आला म्हणून मी एक वापरलेली जळू ताज्यांच्या मडक्यात टाकली होती, आणि घाबरून संध्याकाळी अब्बांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवरोज. त्यांनी मला मारलं नाही. अख्खं मडकं मिठात पालथं केलं. नवरोजचा सबंध दिवस आपण दोघं दारात उभे राहून, सोपोर-बारामुल्लाहून आलेल्या माणसांना हात जोडून परत पाठवत होतो. एका म्हाताऱ्याने अब्बांना शिवी दिली, तेव्हा तू रडलास. अब्बा त्या म्हाताऱ्याला म्हणाले की शिवी द्या, पण जळू मागू नका.

ते तू पाहिलेलं आहेस. न कळून केलं असं तू म्हणू शकत नाहीस.

मुलगी मरता मरता वाचली. तुझ्या हातून चूक झाली असती आणि तू पहिल्या पत्रात लिहिलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित गिळलंही असतं. तू मला राजमा-केशर पाठवू दिलंस. अब्बांचा हात तुझ्यात उतरला असं मी लिहिलं, ते वाचून घडी घालून ठेवलंस. मी हॉस्पिटलातून एक प्रश्न विचारला, तर अब्बांची कबर माझ्या आणि तुझ्यामध्ये आणून ठेवलीस.

आता ऐक. उरलेल्या पंचवीस घरी तू जायचं. काय झालं ते सांगायचं, आणि प्रत्येकाला रक्त तपासून घ्यायला लावायचं. डॉक्टरीणबाई म्हणतात की कित्येकांना काही दिसत नाही, पण रक्तात राहतं आणि त्यांच्याकडून घरच्यांना जातं. ऑगस्टअखेरपर्यंत तू गेला नाहीस तर मी येईन.
राहती


श्रीनगर,
९ ऑगस्ट १९८६

आदरणीय आपास,
सलाम. वि. वि.

मुख्ता सोपोरला माहेरी गेली आहे. मी तिला काही बोललो नाही. तिनेच बुरखा घेतला आणि धाकटीला घेऊन निघाली. मोठी माझ्यासाठी भात रांधते आणि माझ्याकडे बघत नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. आता नाही म्हणत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण मी स्वतःला रोज विचारतो. त्या दिवशी माझ्यापुढे भांड्यात बारा ताज्या होत्या आणि समोर रुकय्या बसली होती. मनात आलं होतं की अकरा हिला लावाव्या आणि बेगमना उद्या बोलवावं. पण बेगमना उद्या बोलावता येत नाही, आणि रुकय्याला काहीही सांगता येतं. परक्या माणसाला शंका आली तर तो बोलेल, भांडेल. ती घरची आहे, ती सांभाळून घेईल. एवढाच विचार होता, आपा. फार वेळही लागला नाही. मिठाने धुतल्या आहेत, काही होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पुष्कळदा तसं काही झालंही नसेल.

पुष्कळदा हा शब्द लिहून गेलो. खोडत नाही. मागच्या दोन नवरोजलाही जळवा कमी पडल्या होत्या.

दवाखान्याची परवानगी जुलैत आली. पाया खणून झाला आहे. आता मी पंचवीस दारं ठोठावली तर पायाच काय, राहतं घरही लोक ठेवणार नाहीत. मला दोन मुली उजवायच्या आहेत. आजोबांपासूनची बैठक एका दुपारसाठी बुडवायची का, याचा तू विचार कर. रुकय्या आता बरी आहे ना? तिला इकडे आण. साहेबांना सांगून मोठ्या डॉक्टरांना दाखवतो. यापुढे जळू एकदाच वापरीन, तू म्हणशील त्याची शपथ घेतो.

मला दारात उभं करू नकोस. धाकटा आहे, पोटात घाल.
तुझा,
समद


किश्तवाड,
५ सप्टेंबर १९८६

आदरणीय मामांस,
रुकय्याचा सलाम. वि. वि.

अम्मी तुमच्या पत्राला उत्तर देणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. मी आता हिंडते-फिरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पिवळेपणा गेला, पण रक्तातलं गेलं की राहिलं ते आणखी काही महिन्यांनी कळेल. तोपर्यंत लग्न करू नये, आणि मुलाकडच्यांना सांगितल्याशिवाय तर नाहीच.

मी इद्रीसना स्वतः पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही, त्यांची आई आली. चहा घेतला, माझे पाय बघायचे म्हणाली. मी सलवार वर करून दाखवले. किती सुरेख कातडी आली आहे, इसबाचा डागसुद्धा नाही, असं दोनदा म्हणाली. मग निघताना अंगठी परत मागितली. अम्मी आत गेली. मी साबण लावून काढून दिली; आजारपणात बोटं बारीक झाली आहेत, साबणाची गरज नव्हती खरं तर.

त्या दिवशीचं एक मी अम्मीला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते.

मला लहानपणापासून माहीत आहे की भुकेली जळू बारीक असते आणि कातडीला टेकायच्या आत धरते. अम्मीने मला ओढ्यात दाखवलेलं आहे. तुम्ही माझ्या डाव्या पायाला पहिली लावलीत ती जाड होती, तिच्या अंगावर पांढुरकी साय होती, आणि ती धरेना. तुम्ही दुधाचा थेंब लावलात, तरी धरेना. मग सुईने टोचून रक्त काढलंत. तेव्हा मला कळलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पडद्याच्या फटीतून रस्त्यावर मोटार आली का ते बघत होतात.

मला विचारायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मग वाटलं, मामा आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि एवढ्या लोकांत विचारलं तर त्यांचा अपमान होईल. तुम्ही दुसरा पाय म्हणालात आणि मी पुढे केला.

तुम्ही लिहिलंत की ती घरची आहे, सांभाळून घेईल. तुमचा अंदाज चुकला नाही. आजारपणात शुद्ध आली तेव्हाही मी पहिल्यांदा हेच ठरवलं होतं की तुमचं नाव घ्यायचं नाही. अम्मीने मुख्तामामींचं पत्र मोठ्याने वाचलं आणि त्यात नानबाईच्या सुनेचं तान्हं मूल आलं, तेव्हा माझं गप्प राहणं मला जमेना.

अम्मी आणि मी पुढच्या शुक्रवारच्या बसने निघतो आहोत. मामी सोपोरहून येऊन बसअड्ड्यावर भेटतील. सगळी नावं त्यांना पाठ आहेत, मागच्या दोन वर्षांची जेवढी आठवतील तेवढीही त्या आठवून ठेवत आहेत. आम्ही तुमच्याकडे उतरणार नाही. पहिलं घर नानबाईचं. तिथे मी बोलायचं असं ठरलं आहे, कारण पाय माझे आहेत. तुम्हाला यायचं असेल तर शनिवारी सकाळी नऊला त्यांच्या तंदुराशी या. आम्ही तुमच्यासाठी थांबणार नाही.

तुमचा माझ्यावर जीव नव्हता, असं मला म्हणता येत नाही. ते म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

रुकय्या